भरलेल्या आठवड्यात दमसास कमवायचा कसा

एक कोरा कागद घ्या आणि आठवड्याचे सात रकाने आखा. फोनवरचं कॅलेंडर या कामाला उपयोगाचं नाही, कारण त्यात ठरलेल्या भेटी दिसतात, पण दिवस खरा कुठे जातो ते दिसत नाही. कागदावर सगळ्यात आधी झोप लिहा. मग नोकरी, जाण्यायेण्याचा वेळ, मुलांचा अभ्यास, घरातल्या वडीलधाऱ्यांची औषधं आणि तपासण्या, स्वयंपाक, आवराआवर. उरलेल्या फटी रंगवा. प्रत्येक फटीपुढे प्रामाणिकपणे लिहा, गेल्या महिनाभरात ही फट किती वेळा खरोखर तुमच्या हाती लागली?

मी अकाउंट्समध्ये काम करते. घरी दोन मुलं आहेत, आणि सासूबाईंना फार वेळ एकटं ठेवता येत नाही. माझ्या कागदावर संध्याकाळी सातनंतरचा तास मोकळा दिसतो. प्रत्यक्षात तो तास ऑफिसचे फोन, मुलीचं गणित किंवा बँकेचं एखादं न जुळलेलं स्टेटमेंट घेऊन जातं. सकाळी घर उठण्याआधीचा वेळ छोटा आहे, पण त्यावर कोणाचाच हक्क नाही. म्हणून आठवड्यातला महत्त्वाचा सराव मी सकाळी ठेवते. संध्याकाळचा मिळालाच तर घेते, पण त्याच्या भरवशावर काही ठरवत नाही. तुमच्या बाबतीत हे उलटही असेल. रात्रपाळी करणाऱ्याला दुपार बरी, कोणाला जेवणाची सुट्टी. मोकळा वेळ किती आहे यापेक्षा कोणता वेळ टिकतो, हे आधी शोधा.

आता त्या टिकणाऱ्या फटींत काय बसवायचं? तीन सराव. एक लांबचा, एक जोराचा, एक सोपा. तुम्ही पळत असा, सायकल चालवत असा किंवा पोहत असा, हिशेब तोच. चौथा सराव झाला तर आनंद आहे, पण आठवडा या तिघांवर उभा करायचा.

लांबचा सराव म्हणजे आरामात, बोलता येईल अशा गतीने, नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ. यात स्नायूंमधल्या केशवाहिन्या आणि मायटोकाँड्रिया (पेशींमधली ऊर्जा तयार करणारी केंद्रं) वाढतात, चरबी जाळून ऊर्जा मिळवायची सवय शरीराला लागते, आणि पायांचे स्नायू व सांधे तासन्‌तास तीच हालचाल सोसायला तयार होतात. जोराच्या सरावात हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलायला लागतं आणि शरीर कमाल किती ऑक्सिजन वापरू शकतं तो आकडा, म्हणजे व्हीओटू मॅक्स, वर सरकतो. सोपा सराव या दोघांना जोडतो. तो फार काही मागत नाही आणि आठवड्याची बेरीज वाढवतो.

तीनपैकी लांबच्या सरावाला आठवड्यात एकच जागा असते, बहुतेकांना सुट्टीची सकाळ. जोराचा सराव त्याच्यापासून निदान दोन दिवस लांब ठेवा. सोपा कुठेही चालतो.

दोन आठवडे आखा, एक नाही

जवळपास प्रत्येक तयार वेळापत्रक असं गृहीत धरतं की सगळे आठवडे सारखे असतात. माझ्या कामात महिनाअखेरीचा आठवडा बाकीच्या तीन आठवड्यांसारखा कधीच नसतो. तुमच्याकडे परीक्षा असतील, ऑडिट असेल, घरातलं आजारपण असेल. अशा आठवड्यात वेळापत्रकातले दोन सराव हुकतात, मन खट्टू होतं आणि तिसराही सोडून दिला जातो. म्हणून सुरुवातीपासून दोन आठवडे लिहून ठेवा. एक पुरा आठवडा आणि एक किमान आठवडा. किमान आठवडा ही माघार नाही. तोही आखलेला सराव आहे, आणि त्यामागे भक्कम आधार आहे.

सराव कमी केला तर कमावलेलं किती टिकतं, या प्रश्नावर १९८० च्या दशकात व्यायाम-संशोधक रॉबर्ट हिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगांची एक मालिका केली. माणसांकडून दहा आठवडे, आठवड्यातून सहा दिवस, रोज ४० मिनिटं कसून सायकलिंग आणि धावणं करून घेतलं. त्यांची क्षमता चांगलीच वाढली. मग पुढचे पंधरा आठवडे सराव कमी केला, पण प्रत्येक प्रयोगात एकच गोष्ट कमी केली. पहिल्यात दिवस घटवले, सहावरून चार किंवा दोन. व्हीओटू मॅक्स टिकून राहिला. दुसऱ्यात दिवस सहाच ठेवले आणि मिनिटं घटवली, ४० वरून २६ किंवा १३. व्हीओटू मॅक्स तरीही टिकला. मात्र १३ मिनिटं करणाऱ्यांचा दीर्घ काळ तग धरण्याचा दम कमी झाला. तिसऱ्यात दिवस आणि मिनिटं तशीच ठेवून जोर एक तृतीयांश किंवा दोन तृतीयांश कमी केला. इथे मात्र कमावलेलं घसरलं.

याचा अर्थ माझ्यासारखीला अगदी कामाचा आहे. गर्दीच्या आठवड्यात दिवस कापा, मिनिटं कापा, पण जोर कापू नका. आपला कल नेमका उलटा असतो. थकलेला माणूस जोराचा सराव आधी रद्द करतो आणि त्या जागी दोनदा हळूहळू पळून येतो. त्याने ताजंतवानं वाटेल, पण दम टिकवायला तो जोराचा एक सराव जास्त उपयोगी पडला असता. एक मर्यादा लक्षात ठेवा. प्रयोगातली माणसं आधी नीट तयार झालेली होती. किमान आठवडा कमावलेलं राखतो, नवीन कमावून देत नाही. सलग चार-पाच आठवडे किमानच होत असतील, तर पहिला कागद पुन्हा काढायची वेळ आली आहे.

माझा किमान आठवडा दोन सरावांचा आहे. पहिला असा: दहा मिनिटं हळू, मग तीन मिनिटं जोरात आणि दोन मिनिटं अगदी हळू, असं पाच वेळा, शेवटी पाच मिनिटं शांत. दाराबाहेर पडल्यापासून परत येईपर्यंत चाळीस मिनिटं लागतात. ‘जोरात’ म्हणजे जीव तोडून नव्हे. दोन-तीन शब्दांपलीकडे बोलता येऊ नये, पण पाचवी फेरी पहिल्या फेरीइतक्याच गतीने जमली पाहिजे. पाचवी कोसळत असेल तर पहिली फार जोरात झाली. दुसरा सराव अर्ध्या तासाचा. वीस मिनिटं सोपी, शेवटची दहा जरा रेटून, शर्यतीत ज्या गतीने पळायचं त्या गतीने. बस.

अर्धा तास फारच तोकडा वाटतो त्यांनी ब्रिटिश धावपटू रॉजर बॅनिस्टर आठवावेत. १९५३-५४ च्या हिवाळ्यात ते लंडनला सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये वैद्यकीय शिक्षण घेत होते आणि दुपारच्या सुट्टीत जवळच्या मैदानावर जाऊन सराव करत होते. ४४० यार्डांच्या दहा फेऱ्या, मध्ये दोन-दोन मिनिटांची विश्रांती. सुरुवातीला एक फेरी साधारण ६६ सेकंदांत व्हायची, ती हळूहळू ६० च्या खाली आली. ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डला त्यांनी एक मैल ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत धावून चार मिनिटांची भिंत पाडली. त्या दिवशी सकाळीही ते हॉस्पिटलात जाऊन आले होते. अर्थात एक मैल म्हणजे मॅरेथॉन नव्हे. ४२.१९५ किलोमीटरला लांबच्या सरावाशिवाय पर्याय नाही. पण नोकरी सांभाळून तेही साधणारे आहेत. जपानचे युकी कावाउची एका शाळेच्या कार्यालयात पूर्णवेळ सरकारी नोकरी करत होते. कामामुळे दिवसातून एकदाच सराव व्हायचा, आणि त्यांनी सुट्टीच्या दिवसांतल्या शर्यतींचाच जोराच्या सरावासारखा उपयोग केला. २०१८ ची बोस्टन मॅरेथॉन त्यांनी थंडी, पाऊस आणि समोरून येणाऱ्या वाऱ्यात २ तास १५ मिनिटं ५८ सेकंदांत जिंकली. नोकरी सोडून व्यावसायिक धावपटू ते त्यानंतर, २०१९ मध्ये झाले.

सोपं ते सोपंच ठेवा

वेळ कमी असलेल्या माणसाला वाटतं, प्रत्येक मिनिट वसूल झालं पाहिजे. म्हणून तो सोप्या सरावातही दम लागेपर्यंत पळतो. मग सगळेच सराव मधल्याच गतीचे होतात. जोराच्या दिवशी खरा जोर लावण्याइतके पाय ताजे राहत नाहीत आणि लांबच्या दिवशी अंतर होत नाही. व्यायामशास्त्राचे अभ्यासक स्टीफन सायलर यांनी अव्वल दर्जाच्या धावपटू, नौकानयनपटू, स्कीपटूंच्या सरावाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांचे साधारण ८० टक्के सराव कमी तीव्रतेचे निघाले. आठवड्यात तीनच सराव असताना ८० टक्क्यांचं गणित जसंच्या तसं बसत नाही, आणि बसवायची गरजही नाही. तिनातला एक जोराचा ठेवा, बाकी दोन खरोखर सोपे ठेवा.

सोपं म्हणजे किती, यासाठी घड्याळ नसलं तरी चालतं. पळताना एक पूर्ण, लांबलचक वाक्य मोठ्याने म्हणा. मध्ये श्वास घ्यायला थांबावं लागलं तर गती कमी करा. चढावर चालावं लागलं तर चाला. मी सोप्या सरावात मैत्रिणीशी बोलते, आणि ती नसेल त्या दिवशी मनातल्या मनात कविता म्हणते. ओळ तुटली की कळतं.

दिवसात दडलेले सराव

जाण्यायेण्याचा वेळ हा बहुतेकांच्या आठवड्यातला सगळ्यात मोठा ठेवा आहे. ऑफिस दहा-बारा किलोमीटरच्या आत असेल तर एका दिशेने सायकल किंवा पळत जाण्याचा विचार नक्की करा. एकाच दिशेने म्हणते, कारण दोन्ही बाजू केल्या की तयारीचा भार दुप्पट होतो आणि गाडं तिथेच अडतं. मी सोमवारी येताना आठवड्याचे कपडे, टॉवेल, साबण आणि चपलांचा जोड ऑफिसच्या कपाटात ठेवून देते. घरी पळत परतायच्या दिवशी पाठीवर फक्त किल्ल्या, फोन आणि पाकीट. सॅकला छातीवर आणि कमरेला बांधायचा पट्टा हवाच, नाहीतर ती प्रत्येक पावलाला उसळते आणि खांदे आखडतात. पळत घरी जाणं हा सोपा सराव आहे. दिवसभराच्या कामानंतर तो जोराचा करायचा मोह टाळा.

मुलाच्या क्लासबाहेर गाडीत बसून काढलेला तासही मोजा. माझा धाकटा पोहायला जातो तेव्हा मी त्याच आवारात फेऱ्या मारते. फोनचा आवाज मोठा ठेवलेला असतो आणि दार दिसेल इतक्याच अंतरात पळते. रस्ता कंटाळवाणा आहे खरा, पण आठवड्यातला एक सराव त्याच्यावर कायमचा बसला.

घर सोडताच येत नसेल तेव्हा काय? आजारी माणसाजवळ थांबावं लागतं, लहान मूल झोपलेलं असतं. सायकल स्टँडवर चढवून शेजारच्या खोलीत चालवता येते. तेही नसेल तर जिना. दोन मिनिटं वर, चालत खाली, असं सहा-आठ वेळा केलं की जोराचा सराव उत्तम होतो. चढताना पाय आपटत नाहीत, त्यामुळे गुडघ्यांवर बसणारा दणका पळण्यापेक्षा कमी असतो. उतरताना मात्र कठडा धरून सावकाश उतरा. दोरीवरच्या उड्याही चालतील, पण पहिले काही आठवडे एका वेळी मिनिटभरच, कारण पोटऱ्या आणि टाचेमागची शीर आधी तक्रार करतात.

ताकदीच्या व्यायामाला मी वेगळा वेळ देत नाही. मुलगी वाचत बसते तेव्हा तिच्याच खोलीत आठवड्यातून दोनदा दहा मिनिटं: एका पायावर टाचा उचलणं, बैठका, लंजेस (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवणं), प्लँक (कोपर आणि पायाच्या बोटांवर अंग ताठ धरणं). एवढ्याने स्नायू मोठे होणार नाहीत, पण लांब पळताना शेवटच्या टप्प्यात कंबर खचत नाही.

घरच्यांशी बोलणं

या भागावर बहुतेक लोक फार कमी बोलतात, आणि सराव सगळ्यात जास्त इथेच मोडतो. ‘जरा पळून येते’ हे वाक्य घरातल्यांना छळतं, कारण त्यात परतायची वेळ नसते. त्याऐवजी वेळ सांगा: साडेसातला घरात असेन. आणि साडेसातला घरात असा. अंतर पुरं व्हायचं राहिलं असलं तरी. दहा-बारा वेळा हे पाळलं गेलं की तुमच्या शब्दावर घर विसंबतं. लांबच्या सरावाची सकाळ तुम्हाला हवी असेल तर तेवढाच वेळ घरातल्या दुसऱ्या माणसाला, त्याच्या आवडीच्या कामासाठी, विनातक्रार द्या. आमच्याकडे रविवारची सकाळ माझी आणि शनिवारची संध्याकाळ नवऱ्याची. त्या वेळेत तो काय करतो हे मी विचारत नाही. हा व्यवहार तोंडी ठेवू नका. कॅलेंडरवर लिहून भिंतीला लावा, म्हणजे पाहुणे येणार असोत की लग्न असो, दोघांनाही आधी दिसतं.

झोप, अन्न आणि हुकलेले दिवस

सकाळी उठण्यासाठी झोप कापायची नाही. झोपायची वेळ अलीकडे आणायची, म्हणजे लवकर झोपायचं. सलग दोन रात्री सहा तासांपेक्षा कमी झोप झाली असेल तर जोराचा सराव सोपा करायचा, आणि पाच तासही झाली नसेल तर त्या दिवशी काहीच करायचं नाही, हा माझा नियम आहे. सरावाचा परिणाम विश्रांतीतच अंगी लागतो, म्हणून हा नियम मी शर्यत जवळ आली तरी मोडत नाही. पहाटे अंग आखडलेलं असतं. पहिली दहा मिनिटं इतकी हळू पळा की ते चालणंच वाटावं.

तासाभराच्या आतला सोपा सराव उपाशीपोटी चालतो, मात्र मधुमेहावर औषधं घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. जोराच्या सरावाआधी थोडं कर्बोदकांचं पोटात हवं. दीड तासाच्या पुढे जायचं असेल तर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं सोबत न्या आणि लांबच्या सरावातच पोटाला त्याची सवय लावा. शरीरात साठवलेला ग्लायकोजेन, म्हणजे कर्बोदकांचा साठा, साधारण ४०० ते ५०० ग्रॅम असतो. तो संपत आला की मन कितीही पक्कं असलं तरी पाय थांबतात.

हुकलेला सराव पुढच्या सरावाला जोडून भरून काढू नका. मंगळवारचा जोराचा सराव गेला तर गेला, बुधवारी जमला तर बुधवारी, पण शनिवारी ढकलून रविवारच्या लांब सरावाला चिकटवू नका. दुखापती अशा जोडणीतूनच येतात. दहा-बारा दिवसांचा खंड पडला तर घाबरू नका. व्यायामशास्त्रज्ञ एडवर्ड कॉयल यांच्या १९८४ च्या अभ्यासात तयार खेळाडूंचा सराव थांबवून पाहिला तेव्हा पहिल्या तीन आठवड्यांत व्हीओटू मॅक्स सुमारे ७ टक्के उतरला. सुरुवातीच्या या घसरणीमागे मुख्यतः रक्ताचं प्रमाण कमी होणं असतं, आणि सराव पुन्हा सुरू झाला की ते लवकर भरून येतं. पहिला आठवडा सोपा ठेवा, दुसऱ्यात जोराचा सराव परत आणा. ताप असेल, अंग मोडून आलं असेल तेव्हा पूर्ण थांबा. छातीत दुखणं, चक्कर, नेहमीपेक्षा वेगळी धाप, यातलं काहीही झालं तर त्याच क्षणी थांबून डॉक्टरांकडे जा. बऱ्याच वर्षांनी सुरुवात करणाऱ्यांनी तर पहिल्या जोराच्या सरावाआधीच तपासून घ्यावं.

वाढवताना एका वेळी एकच गोष्ट वाढवा. लांबच्या सरावात एक आठवडा सोडून दहा मिनिटं घाला आणि चौथ्या आठवड्यात जरा कमी करा. हृदय आणि फुफ्फुसं काही आठवड्यांत साथ द्यायला लागतात, पण हाडं आणि स्नायूबंध बळकट व्हायला महिने लागतात. श्वास म्हणतो अजून पळ, तेव्हा नडगीचं ऐका. शंका आली तर एक सोपा सराव सायकलवर करा.

शर्यत निवडताना

शर्यतीचं नाव नोंदवण्याआधी कामाचं वर्ष समोर घ्या. अर्ध मॅरेथॉनला बारा आठवडे, पूर्ण मॅरेथॉनला सोळा ते वीस आठवडे मागे मोजा. त्यातले शेवटचे सहा आठवडे सर्वांत जड असतात. ते तुमच्या सर्वांत जड कामाच्या काळावर पडत असतील तर दुसरी शर्यत शोधा. मी वर्षअखेरीच्या हिशेबांनंतर निदान तीन महिन्यांनी येणारी शर्यतच निवडते. वर्षअखेरीचा काळ मग किमान आठवड्यांवर निघतो, आणि मोकळी झाले की लांबचे सराव चढवत नेते.

शर्यतीआधीचे दोन आठवडे एकूण अंतर जवळपास अर्ध्यावर आणा आणि जोर तसाच ठेवा. म्हणजे कागदावरचा किमान आठवडाच दोनदा करायचा, आणि सुट्टीच्या सकाळचा लांबचा सराव बराच छोटा करून जोडायचा. ऑफिसची सुट्टी मागायची असेल तर ती शर्यतीच्या आदल्या दिवसापेक्षा दुसऱ्या दिवसासाठी मागा. आदल्या दिवशी खुर्चीत बसून काम करता येतं. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या ऐकत नाहीत.